एकतीस गोलांचा अहवाल

दीनानाथ परचुरे ज्या कागदावर सही करतील तो कागद बरोबरच असणार, याबद्दल आयर्लंडमध्ये डब्लिनबाहेर, स्वोर्ड्सजवळच्या त्या औषध कारखान्यात कोणाचंही दुमत नव्हतं. प्रश्न एवढाच असायचा की ते सही करणार कधी. गोळ्यांची एक बॅच तयार झाली की तिचे कागद क्वालिटीच्या दीनानाथांकडे यायचे. एखाद्या आकड्यावर खाडाखोड दिसली, तापमानाच्या नोंदीत पाच मिनिटांची फट दिसली, की दीनानाथ शांतपणे ‘होल्ड’ असं लिहून चहा प्यायला जात. एकोणीस वर्षं हेच चाललं होतं. घरीही काही वेगळं नव्हतं. वॉशिंग मशीन कुठलं घ्यायचं हे ठरवायला त्यांना चौदा महिने लागले, आणि तोवर त्यांची बायको विभावरी दर रविवारी कपड्यांची गाठोडी गाडीत टाकून लाँड्रीच्या खेपा घालत राहिली.

आणि अशा माणसाच्या हातात त्यांच्या धाकट्या भावाने, न्यू जर्सीच्या राजीवने, स्वतःच्या एकुलत्या एका मुलीचं भवितव्य ठेवलं. आता बोला.

मुलगी म्हणजे देवयानी. वय एकोणीस, उंची पाच फूट अकरा इंच आणि काम फुटबॉलमधल्या गोलकीपरचं. मराठी तिला सगळं समजायचं, बोलताना मात्र बहुतेक वाक्यं मराठीत सुरू होऊन अमेरिकेत संपायची. शाळा झाल्यावर बापाने तिला एक वर्ष दिलं होतं. तेवढ्यात युरोपात कुठे जमलं तर जमलं, नाहीतर मुकाट्याने ओहायोच्या युनिव्हर्सिटीत जायचं. तिथे जागा राखून ठेवलेली होती. फेब्रुवारीच्या चिखलात डब्लिनला अमेरिकन मुलामुलींची एक स्पर्धा भरली, युरोपातल्या क्लबांची माणसं ती बघायला आली, आणि देवयानीला चक्क तीन ठिकाणांहून विचारणा झाली. जर्मनी, पोर्तुगाल आणि स्वीडन. तिघांनाही रविवारपर्यंत उत्तर हवं होतं, आणि ओहायोलाही त्याच रविवारी कळवायचं होतं. त्यात गोम अशी की एकदा क्लबाशी करार केला की कॉलेजच्या टीममधून खेळणं बहुधा कायमचं बंद, असं तिच्या एजंटने बजावून ठेवलं होतं. म्हणजे पाऊल टाकलं की टाकलं.

राजीवची अट एकच होती. दादा हो म्हणाला तर माझं हो. वडील गेल्यापासून परचुऱ्यांच्या घरात हीच रीत होती आणि ती बदलायची हिंमत अजून कोणी केली नव्हती. देवयानीने अट ऐकली, डब्लिनमधल्या बॉल्सब्रिजच्या हॉटेलातून बॅग उचलली आणि सरळ स्वोर्ड्सला काकाकडे राहायला आली. तिला ओहायोला जायचं नव्हतं. तिला खेळायचं होतं, आणि मध्ये उभा होता तो काकांच्या सहीचा डोंगर.

दीनानाथांनी पहिल्याच संध्याकाळी तक्ता केला. सत्तावीस निकष, प्रत्येकाला दहापैकी गुण आणि शेवटी शंभरावर हिशेब. लीगचा दर्जा, वर्क परमिटची भानगड, भाषा, हॉस्पिटल किती लांब, हिवाळ्यात उजेड किती तास, तूरडाळ मिळते का. जर्मनी एक्क्याऐंशी, पोर्तुगाल चौऱ्याहत्तर, स्वीडन अठ्ठावन्न. स्वीडनचे बरेचसे गुण बर्फाने खाल्ले होते. देवयानीने तक्ता नीट वाचला, काकांच्या मेहनतीचं कौतुक केलं आणि मग हळूच विचारलं की यात मला खेळायला मिळेल का हे कुठे आहे. बाकीच्या मुलींना शेवटची दहा मिनिटं तरी मैदानात सोडतात, गोलकीपर मात्र एकच खेळते. दुसरी वर्षभर बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या मोजते, मग ती लीग जगात पहिली असो नाहीतर शेवटची.

मुद्दा खरा होता. त्यांनी अठ्ठाविसावा रकाना काढला आणि तिन्ही देशांपुढे ‘माहिती अपुरी’ असं लिहिलं. आता माहिती अपुरी असेल तर ती काढायला हवी, आणि स्थळांची माहिती काढायची आपल्याकडे एकच खात्रीची पद्धत आहे. घरी बोलवायचं. शनिवारी अकराला जर्मनी, बाराला पोर्तुगाल, एकला स्वीडन. विभावरी म्हणाली की ही काय पद्धत झाली, त्यांच्या हॉटेलात जाऊन भेटा की. दीनानाथ म्हणाले की माणूस घरी आल्यावर कळतो. मग तिनेही कपाळाला हात लावला आणि ब्लँचर्डस्टाउनच्या हॉस्पिटलातली लॅबची ड्यूटी संपवून येताना जाडे पोहे आणि शेंगदाणे घेऊन आली. पोह्यांशिवाय असा कार्यक्रम होत नाही, एवढं तिलाही मान्य होतं.

इथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते व्हिडिओमुळे.

एजंटने देवयानीचा चार मिनिटांचा व्हिडिओ बनवला होता. मागे धडाधड संगीत, आणि देवयानी डावीकडे झेप घेतेय, उजवीकडे घेतेय, बॉल अडवतेय, पुन्हा अडवतेय. चव्वेचाळीस बॉल अडवले. दीनानाथांनी तो दोनदा पाहिला आणि विचारलं की खाल्लेले गोल कुठे आहेत. देवयानीने हसून समजावलं की ते कोणी दाखवत नसतं. दीनानाथांनी शांतपणे मान डोलावली. कारखान्यातल्या कोणालाही विचारा, दीनानाथांनी अशी मान डोलावली की ती बॅच अडकलीच म्हणून समजा.

दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तीन दिवसांची रजा टाकली. राजीवने मागच्या सीझनचे बावीसच्या बावीस सामने फोनवर टिपून ठेवले होते, स्वतःच्या ओरडण्यासकट. दीनानाथ वरच्या खोलीत दार लावून ते बघत बसले. देवयानीला वाटलं काका ऑफिसचं काम करताहेत. शुक्रवारी संध्याकाळी घरच्या प्रिंटरवर इंग्रजी अहवालाच्या चार प्रती निघाल्या, त्यातली एक फायलीसाठी. विषय: देवयानी राजीव परचुरे, मागील सीझनमध्ये स्वीकारलेले एकतीस गोल, मूळ कारणं आणि सुचवलेले उपाय. गोल क्रमांक चार, बॉल हातात आला होता, ग्लव्ह ओला. गोल क्रमांक नऊ, वडील मागून ‘देवू, लेफ्ट’ असं ओरडल्याने लक्ष विचलित, उपाय: वडिलांना मैदानापासून लांब ठेवणे. एकतीसपैकी चौदा गोल डाव्या बाजूने हवेतून आलेल्या बॉलवर झाले होते, आणि चौदाही वेळा मुलीचं पहिलं पाऊल मागे पडलं होतं. शेवटच्या पानावर इतर निरीक्षणं. सकाळी दहाशिवाय उठत नाही. चीज घातल्याशिवाय भाजी खात नाही. चौदाव्या वर्षी मनगट मुरगळलं होतं. रागाच्या भरात एकदा गोलपोस्टला लाथ मारून पिवळं कार्ड घेतलेलं आहे.

यात दुष्टावा अजिबात नव्हता, हे लक्षात घ्या. माल द्यायचा तर त्याचे दोष आधी सांगून द्यायचा, हे त्यांच्या रक्तात होतं. आणि घरातली मुलगी परक्या गावी पाठवायची तर उद्या ‘आम्हाला हे सांगितलं नव्हतं’ असं कोणी तिच्या तोंडावर म्हणू नये, ही त्यातली खरी कळकळ. पुतणीवर त्यांचा जीव होता. तो दाखवायची त्यांची रीत ही अशी होती.

शनिवारी जर्मन गृहस्थ अकराला एक मिनिट कमी असताना दारात उभे. दीनानाथांना तिथेच भरून आलं. गृहस्थांनी पोहे काट्याने संपवले, विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं, आणि देवयानीच्या पुढे किती गोलकीपर आहेत या प्रश्नावर मात्र स्पर्धा निकोप आहे एवढंच म्हणाले. बारा वाजता आलेली पोर्तुगीज बाई फार गोड होती. तिने विभावरीला मिठी मारली, देवयानीला आमची भावी कॅप्टन म्हणाली, आणि त्याच प्रश्नावर खळखळून हसली. दोघांनाही दीनानाथांनी दारापर्यंत सोडलं आणि टॅक्सीत बसताना एकेक जाडसर पाकीट हातात दिलं. देवयानीने खिडकीतून पाहिलं. तिला वाटलं, काकूने लाडू दिले असतील.

एक वाजता स्वीडनची गुनिला आली. साठीला टेकलेली बाई, नाकाचं हाड कधीकाळी मोडून वाकडं बसलेलं, एके काळी स्वतः गोलकीपर. ती बसने आली आणि चुकीच्या स्टॉपवर उतरून अर्धा मैल पावसात चालत आली. पोहे दोनदा घेतले. निघताना दीनानाथांनी पाकीट दिलं, तर ती पुन्हा खुर्चीवर बसली, चष्मा लावला आणि तिथेच वाचायला लागली. दुसऱ्या पानावर तिने देवयानीला विचारलं की सतरा नंबरच्या गोलाच्या वेळी तुझा डावा पाय कुठे होता.

देवयानीने कागद ओढून घेतला. पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

“काका, तुम्ही हे त्या दोघांना पण दिलंत?”

“हो,” दीनानाथ म्हणाले. “सगळ्यांना सारखीच माहिती द्यायला हवी.”

ती ते कागद घेऊन तशीच मागचं दार उघडून बाहेर गेली. विभावरी स्वयंपाकघरात होती. तिने फायलीतली प्रत हातात घेऊन चाळली, ओट्यावर ठेवली आणि सावकाश म्हणाली, “अहो, मुलगी दाखवताना तिच्या खोडी छापून वाटतात का? माझ्या बाबांनी वाटल्या असत्या तर तुम्ही अजून मला होल्डवरच ठेवलं असतंत.” दीनानाथांना पहिल्यांदाच वाटलं की आपल्या हातून काहीतरी भलतंच झालं आहे. पण कुठल्या पायरीवर झालं ते त्यांना नेमकं सापडेना, आणि म्हणून ते जास्तच घाबरले.

गुनिलाला मराठी कळत नव्हतं, पण घरातलं वातावरण कळायला भाषा लागत नाही. तिने ओट्यावरची प्रत उचलून अहवाल शेवटपर्यंत वाचला आणि दीनानाथांना विचारलं की हे कोणी केलं. मी, दीनानाथ म्हणाले. तुम्ही गोलकीपर होतात का? नाही, मी औषधांच्या क्वालिटीत आहे. गुनिलाने चष्मा काढला. मग म्हणाली की तीस वर्षांत एजंटांनी मला शेकडो व्हिडिओ पाठवले, पण ही मुलगी नक्की कुठे चुकते हे कोणी सांगितलं नव्हतं. आता तुम्ही तुमचं सांगितलंत तर मी माझं सांगते.

आणि तिने सांगितलं. मैदान एप्रिल उजाडेपर्यंत बर्फाखाली असतं, तोवर पत्र्याच्या शेडमध्ये सराव. फ्लॅटमध्ये तिघी, बाथरूम एक. मागच्या वर्षी लीगमधून खाली घसरता घसरता वाचलो. आमच्या मुख्य गोलकीपरचा गुडघा गेलाय, ऑगस्टपर्यंत ती येत नाही. तोवर सगळे सामने तुमची मुलगी खेळेल, चुका करत खेळेल. ऑगस्टमध्ये ती परत आली की दोघींत जी चांगली ती खेळेल. करार नोव्हेंबरपर्यंत. त्यापुढचं मला ठाऊक नाही, आणि ठाऊक आहे असं मी म्हणणार नाही.

दीनानाथ ऐकतच राहिले. एकोणीस वर्षांत एकाही सप्लायरने आपल्या मालाची खोड अशी आपण होऊन सांगितली नव्हती.

तेवढ्यात देवयानी परत आली. केस ओले, डोळेही ओले, पण हातात अहवालाची घडी होती आणि ती वाचलेली दिसत होती. काकांशी मी बोलत नाहीये, असं तिने आधी काकांना सांगितलं. मग म्हणाली की सतरा नंबर चूक आहे. तो बॉल आमच्याच डिफेंडरच्या पायाला लागून वळला. दीनानाथांनी लॅपटॉप उघडला, तो गोल तीनदा पाहिला आणि मान्य केलं. मग पेन काढून कारखान्याच्या नियमाप्रमाणे सतराव्या ओळीवर एकच सरळ रेघ मारली, बाजूला दुरुस्ती लिहिली, सही केली, तारीख घातली. देवयानीला हसू आलं, पण ते तिने मोठ्या निकराने दाबलं. डावीकडून आलेल्या चौदातले राहिलेले तेरा बॉल मात्र तुझेच, असं गुनिलाने तिला ठणकावून सांगितलं आणि मागच्या परसात नेलं. पुढचा पाऊण तास साठीची बाई ओल्या गवतावर उभी राहून हाताने उंच बॉल फेकत होती आणि देवयानी पहिलं पाऊल पुढे टाकायला शिकत होती. तीन बॉल शेजाऱ्यांच्या परसात गेले. शेजारी ‘यू’र ग्रँड’, म्हणजे असू द्या हो, म्हणत ते परत टाकत राहिला.

रविवारी सकाळी जर्मनीची मेल आली. फार सभ्य होती. आपण दिलेल्या तपशीलवार माहितीबद्दल आभार, आम्ही दुसरा पर्याय निवडला आहे. साडेअकराला एजंटचा फोन आला. पोर्तुगालही गेलं होतं, आणि हा कसला रिपोर्ट वाटलात म्हणून तिथले लोक विचारत होते. एजंट आणखी काय काय म्हणाला ते देवयानीने मराठीत सांगितलं नाही.

दीनानाथ जेवणाच्या टेबलाशी बसून होते. समोर तक्ता होता आणि त्यातले दोन रकाने रिकामे झाले होते. एक्क्याऐंशी गुण गेले, चौऱ्याहत्तर गुण गेले. पोरीने हॉटेल सोडून आपल्याकडे विश्वासाने यावं आणि आपण तिचे दोन दरवाजे स्वतःच्या हाताने लावून घ्यावेत, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

“चुकलं माझं, देवू,” ते म्हणाले.

देवयानी समोरच्या खुर्चीवर बसली. जर्मनीत मला बाकावरच बसवणार होते, असं ती म्हणाली, आणि तो म्हातारा ते तोंडाने सांगतही नव्हता. पोर्तुगालचं मात्र वाईट वाटलं, तिथे ऊन असतं. एवढं बोलून ती थांबली, कारण खरा प्रश्न पुढेच होता. स्वीडन उरलं होतं. अठ्ठावन्न गुणांचं, ऑगस्टपर्यंतचं, बर्फाखालचं स्वीडन. गुनिलाला संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं, आणि राजीवचा फोन बाराला येणार होता.

दीनानाथांनी मग तेच केलं जे ते नेहमी करत. ते म्हणाले की घाई नको. गुडघ्याची भानगड आहे, करार अर्धवट आहे, पुढचं कोणालाच ठाऊक नाही. यंदा ओहायोला जावं, गुनिला बाई चांगली आहे, तिच्याशी संपर्क ठेवावा, अजून माहिती गोळा करावी आणि पुढे बघावं. थोडक्यात, सध्या होल्डवर ठेवू.

देवयानीने वाद घातला नाही. तिला खरंच कुतूहल वाटलं म्हणून तिने विचारलं, “काका, तुमच्याकडे होल्डवर ठेवतात त्या बॅचचं पुढे काय होतं?”

काही सुटतात, असं दीनानाथांना म्हणता आलं असतं. काही खरोखरच सुटतातही. पण त्यांना गोदामातला तो मागचा कोपरा दिसला, एकावर एक रचलेली, ‘होल्ड’च्या पिवळ्या चिठ्ठीची खोकी, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त खोक्यांत काहीही दोष नव्हता हे ते मनोमन जाणून होते. खोटी नोंद त्यांनी आयुष्यात केली नव्हती. आता तरी कशी करणार?

“बऱ्याचशा तिथेच पडून राहतात,” ते म्हणाले. “मुदत संपली की जाळून टाकतात.”

विभावरी हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली. घरावरून एक विमान गेलं.

बाराच्या ठोक्याला फोन वाजला. राजीवने इकडचं तिकडचं काही न विचारता थेट विचारलं, मग दादा, काय ठरलं. दीनानाथ उभे राहिले. फोनवर बोलताना ते नेहमी उभे राहत, आज मात्र त्यांनी टेबलाची कड धरली होती.

“स्वीडन,” ते म्हणाले. “माझं हो आहे.”

पलीकडे राजीव गोंधळला. स्वीडन तर तक्त्यात शेवटी होतं ना, तूच पाठवला होतास तो तक्ता. होतं, दीनानाथ म्हणाले. मग ऑगस्टनंतर काय? माहीत नाही. पुढच्या वर्षी? तेही माहीत नाही. देवयानी काकांच्या तोंडाकडे बघत होती.

“दादा, तुला खात्री आहे ना?”

“नाही,” दीनानाथ म्हणाले. “अजिबात खात्री नाही. तरी हो म्हणतोय.”

राजीवला शाळेपासून चित्रं काढायची होती, दादाने त्याला मेकॅनिकलला घातलं, त्याने चार वर्षं रडत काढली आणि पुढचं सगळं आयुष्य विमा कंपनीचं सॉफ्टवेअर लिहिण्यात गेलं, हे परचुऱ्यांच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि तीस वर्षांत एकदाही कोणी त्याबद्दल बोललं नव्हतं.

“मला मेकॅनिकल घ्यायला लावलंस,” राजीवने सावकाश विचारलं, “तेव्हा तुला खात्री होती?”

दीनानाथांनी डोळे मिटले. “शंभर टक्के.”

“मग जाऊ दे तिला,” राजीव म्हणाला.